टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये

आपली वस्तू विकली जावी असं मनापासून वाटणारा, आणि ती विकत घ्यायला कुणी फिरकू नये म्हणून तितक्याच मनापासून झटणारा माणूस साऱ्या सुरत शहरात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो, बायको दाजी म्हणते, आणि मोबाईलवरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांना काय म्हणतात ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत जातात, भजनी मंडळात जातात, काही नुसतीच बाल्कनीत बसतात. साडूभाऊंनी घरातली अडगळ विकायला काढली. ती विकली गेली असती तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

त्यांची पहिली जाहिरात मला तोंडपाठ आहे, कारण ती वाचून मी रिक्षात एकटाच हसत सुटलो होतो आणि रिक्षावाला आरशातून काळजीने पाहत होता. वस्तू होती मिक्सर. फोटोत मिक्सर कमी आणि साडूभाऊंचा अंगठा जास्त. खाली लिहिलं होतं, ‘मिक्सर. जुना आहे. आवाज करतो. झाकण दुसऱ्या मिक्सरचं आहे, दाबून धरावं लागतं. टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये. आहे का, असं विचारू नये, आहे म्हणूनच टाकला आहे. भाव करणाऱ्यांनी लांब राहावे. फोन सकाळी दहा ते अकरा, तोही नीट विचार करून. घरी एकट्याने यावे. चालवून दाखवला जाईल, पण एकदाच. नेलेला माल परत घेतला जाणार नाही. सर्व तंटे फक्त सुरत न्यायक्षेत्रात.’ तो मिक्सर अजून त्यांच्या माळ्यावर आहे.

हे न्यायक्षेत्र कुठून आलं ते सुरतेत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. इथल्या कापडाच्या बिलावर बारीक अक्षरांत अशा अटी छापलेल्या असतात आणि त्या कुणी वाचत नाही. साडूभाऊंनी उभं आयुष्य त्या वाचल्या. तरुणपणी अमळनेरकडून आले ते पलसाण्याला कापड रंगवणाऱ्या-छापणाऱ्या एका प्रोसेस मिलमध्ये कापड तपासणीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, वरून कापड सरकतंय आणि साडूभाऊ हातात खडू घेऊन उभे. डाग दिसला की खूण, गाठ दिसली की खूण, छपाई सरकली की खूण, आणि खुणेसमोर किनारीला लाल दोरा. ज्यात काही सापडत नाही तो माल ‘फ्रेश’, ज्यात सापडतं तो ‘सेकंड’, आणि ज्यात फारच सापडतं त्याचे तुकडे पाडून किलोवर विकतात. मिलमधले लोक म्हणत की यांच्या टेबलावरून फ्रेश म्हणून उतरलेलं कापड डोळे मिटून कुठेही पाठवावं. फक्त यांच्या टेबलावरून फ्रेश म्हणून फारसं काही उतरत नसे.

मिलने त्यांना निरोप दिला, नारळ दिला, शाल दिली (शालीत एक धागा ओढलेला निघाला, तो त्यांनी मॅनेजरला तिथल्या तिथे दाखवला), पण खडू काही त्यांच्या खिशातून सुटला नाही. आम्ही नवीन फ्लॅट घेतला तेव्हा सगळे नातेवाईक पेढे घेऊन आले, साडूभाऊ खडू घेऊन आले. स्वयंपाकघरातली एक फरशी जरा उचललेली होती. बिल्डरला दिसली नव्हती, आम्हाला दिसली नव्हती, ती यांना उंबऱ्यातून दिसली आणि वाकून त्यांनी तिच्यावर फुली मारली. तेव्हापासून माझी बायको रोज त्या फरशीला अडखळते. त्याआधी कधी अडखळली नव्हती. लग्नाआधी ताईंना पाहायला गेले होते तेव्हाची गोष्ट तर आमच्या सासुरवाडीत अजून सांगतात. पोहे कसे झालेत म्हणून सासूबाईंनी कौतुकाने विचारलं, तर म्हणाले, ‘चांगले आहेत, दोन शेंगदाणे करपलेत.’ आणि ते दोन शेंगदाणे बशीच्या कडेला वेगळे काढून ठेवलेले. तरीही ताईंनी होकार दिला. का दिला, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, ‘पाव्हणे, खोटं बोलणार नाही एवढी तरी खात्री पटली.’

आणि हे खरं आहे, स्वतःलाही त्यांनी कधी सोडलं नाही. मागल्या वर्षी छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, काका, काय काय त्रास आहे. घामाने निथळत असलेले साडूभाऊ म्हणाले, ‘डावा गुडघा सेकंड. दात तुकड्यावारी काढलेत. ऐकायला उजवा कान फ्रेश. छातीचं तुम्ही बघून घ्या, ते माझ्या टेबलावर येत नाही.’ डॉक्टर हसला, आम्ही हसलो, आणि लगेच त्यांना आत नेलं. त्या दिवशी आम्ही काय काय भोगलं ते मी सांगत बसत नाही. माणूस परत आला, आणि घरी येताच त्याने दवाखान्याच्या चादरीतले दोष सांगितले, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

तर सांगत होतो त्यांच्या अटींबद्दल. लोकांना वाटतं हा माणूस तिरसट आहे म्हणून अटी घालतो. तसं नाही. त्यांच्या प्रत्येक अटीला एक जन्मकथा आहे. ‘घरी एकट्याने यावे’ ही अट जुन्या सायकलमुळे जन्मली. बमरोलीहून एक गृहस्थ मेहुण्याला घेऊन सायकल बघायला आले. गृहस्थांना सायकल पसंत होती, पण मेहुणा दर मिनिटाला ‘बनेवी, रहेवा दो ने’ म्हणत होता, म्हणजे भावोजी, राहू द्या. शेवटी साडूभाऊंनी मेहुण्याला खाली थांबवला. खाली उभ्या उभ्या मेहुण्याने शेजारच्या बिल्डिंगमधली दुसरी सायकल ठरवून टाकली. ‘चपला दाराबाहेर काढाव्यात, पण आपल्या जबाबदारीवर’ ही अट पंख्याच्या गिऱ्हाइकाची. ‘घरी विचारून सांगतो म्हणणाऱ्यांनी घरी विचारूनच यावे’ ही जुन्या कपाटाची. अशी प्रत्येक गिऱ्हाइकाने एकेक अट मागे ठेवली आणि वस्तू मात्र कुणीच नेली नाही. नवीन येणाऱ्याला आधीच्या साऱ्यांची बोलणी खावी लागत. तो बिचारा पंखा बघायला आलेला असे आणि त्याला मेहुणा नसे, तरीही.

इथवर सगळी गंमतच होती. मिक्सर गेला काय न् राहिला काय. पण मग गोधड्या आल्या.

ताईंच्या हाताला टाक्याची जाण आहे. सुरतेत चिंध्यांना तोटा नाही, मार्केटच्या मागच्या गल्लीत पोतीच्या पोती पडलेली असतात. ताई त्यातून सुती तुकडे वेचून आणतात, रंग जुळवतात आणि गोधड्या शिवतात. त्यांच्या गोधडीत रंग असे बसतात की कुठला तुकडा कुठून आला ते विसरायला होतं. नात्यातल्या प्रत्येक घरात त्यांची गोधडी आहे, आमच्याकडे तर दोन आहेत. पण नाती संपली आणि गोधड्या राहिल्या. दिवाण भरला, कपाट भरलं. एके दिवशी ताई माझ्या बायकोला म्हणाल्या, ‘तुम्ही घेतल्या त्या माझ्यासाठी घेतल्या गं. ज्याला माझं नाव गाव माहीत नाही अशा माणसाने नुसती गोधडी बघून म्हणावं, की ही मला हवी. एकदा तरी म्हणावं. नाही म्हटलं कुणी, तर मग समजेन की आपलं काम घरापुरतंच होतं. सुई ठेवून देईन.’ त्या हे अगदी सहज म्हणाल्या, पण बायकोने घरी येताच, चपलाही न काढता, मला ते शब्द न् शब्द सांगितलं. ताईंचं लग्न झाल्यापासून तिने त्यांना स्वतःसाठी काही मागताना पाहिलं नव्हतं.

ताईंना मोबाईलवर विकायचं कळत नव्हतं. ज्यांना कळत होतं असं त्या समजत होत्या, त्यांच्याकडे त्यांनी ते काम सोपवलं. साडूभाऊंनी मान डोलावली, गोधडी टेबलावर पसरली, वरचा दिवा लावला आणि जाहिरात लिहिली. ‘गोधडी. हाताने शिवलेली असल्याने टाके समान नाहीत. मधला निळा तुकडा सेकंड मालातला आहे. फोटोत दिसतो तो रंग प्रत्यक्षात दिसेलच असे नाही. कडाक्याच्या थंडीला पुरेल याची हमी नाही. अंगावर घेऊन पाहू नये. घडी उलगडणाऱ्याला घडी घालता आली पाहिजे. बाहेरगावी पाठवणार नाही, गावातही पाठवणार नाही. टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये.’ आणि खाली अर्थातच सुरत न्यायक्षेत्र. एका गोधडीपायी कोण कुणावर सुरतेत खटला भरणार होतं कोण जाणे.

आठवडे गेले. ताई रोज दुपारी विचारायच्या, ‘कुणी विचारलं का?’ साडूभाऊ म्हणायचे, ‘लोकांना पारख नाही.’ पुढे पुढे ताईंनी विचारणं सोडलं, आणि अर्धी झालेली गोधडी सुईसकट पिशवीत भरून दाराआड टांगली. मी एका रविवारी गेलो तेव्हा ती पिशवी पाहिली. साडूभाऊंचा मोबाईल मागून घेतला आणि चाळला, तर एका बाईंचा निरोप होता. त्यांनी लिहिलं होतं, ‘काका, गोधडी फार सुंदर आहे. पण तुमची भीती वाटते.’ साडूभाऊंनी त्यावर उत्तर दिलं होतं, ‘फोन दहा ते अकरा.’

मग मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, ‘साडूभाऊ, गिऱ्हाईक अजून जिना चढलं नाही तोवर तुम्ही त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता. माणूस गोधडी घ्यायला येतो, जामीन द्यायला नाही.’

‘जे लिहिलंय ते खरं आहे की नाही?’

‘खरं आहे. पण चांगलं आहे तेही खरंच आहे ना? ते कुठे लिहिलंय?’

‘चांगलं असतं ते दिसतं. दोष दाखवावा लागतो.’

‘पण का दाखवायचा? तुम्ही आता मिलमध्ये नाही.’

त्यांनी खिशातला खडू चाचपला. मग स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणून म्हणाले (मी बँकेत आहे, म्हणून त्यांचा बँकवाला), ‘बँकवाले, तुमच्या टेबलावरून गेलेला माल कधी परत आलाय? माझ्या आलाय. अख्खा गठ्ठा परत येतो, सगळ्यांसमोर सोडतात, आणि एकेक दोष दाखवून विचारतात, हे कुणी पास केलं? जमिनीने पोटात घ्यावं असं वाटतं. मला सवय झाली हो. पण उद्या कुणी हिची गोधडी परत आणून या टेबलावर टाकली, तर ही काय करेल?’

इतकी वर्षं ज्याला आम्ही आडमुठेपणा म्हणत होतो, तो या माणसाचा ताईंवरचा जीव होता. बायकोची गोधडी कुणी परत आणू नये म्हणून त्याने ती कुणाला नेऊच दिली नव्हती. पण जीव असला तरी काम बिघडायचं ते बिघडलंच होतं, आणि ताईंना तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

माझी बायको असल्या वेळी विचार करत बसत नाही. ती म्हणाली, ‘दाजी, इकडे आणा तो फोन.’ साडूभाऊ जगात एका माणसाला भितात आणि ती म्हणजे माझी बायको, त्यामुळे फोन मिळाला. तिने सगळं पुसलं आणि लिहिलं, ‘हाताने शिवलेल्या सुती गोधड्या. ऊबदार आणि देखण्या. बघायला जरूर या, चहा घेऊन जा.’ साडूभाऊंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि विचारलं, ‘अटी?’ ती म्हणाली, ‘नाहीत.’ पुढचे दोन दिवस ते घरातल्या घरात अस्वस्थ फिरत होते. चहा फुकट म्हणून त्यांचा सारा भाग, अख्खं पांडेसरा, लोटेल अशी त्यांची खात्री होती.

अख्खं पांडेसरा आलं नाही. पुढच्या रविवारी दुपारी एक तरुण बाई आली. बाई भुसावळकडची, नवरा इच्छापोरला एका कारखान्यात कंत्राटावर. आम्ही दोघं तिथेच होतो, बायकोने मुद्दाम वेळ साधली होती. सुरतेत गोधडी कशाला, असं ताईंनी विचारलं तर ती हसून म्हणाली, ‘अहो काकू, ते दिवसभर भट्टीजवळ असतात. घरी आले की एसी सोळावर. त्यांना काही होत नाही, मी गारठून जाते. ब्लँकेट घेतलं की घाम येतो.’ तिने दिवाणावरच्या गोधड्या एकेक करून पाहिल्या, हात फिरवला, आणि खालून एक हिरवी-निळी ओढून काढली. म्हणाली, ‘ही. ही मला हवी.’

ताई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी बायकोकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनी एकदमच साडूभाऊंकडे पाहिलं, पण तोवर उशीर झाला होता. गोधडी टेबलावर पसरली होती, दिवा लागला होता, खडू बाहेर आला होता.

‘बाई, घेण्याआधी बघून घ्या. हा टाका लांब पडलाय.’ फुली. ‘इथे दोरा बदललाय, रंग जुळत नाही.’ फुली. ‘आणि हा कोपरा तर बघूच नका. ओळ कुठल्या कुठे गेली आहे. दोन ठिकाणी टाक्यावर टाका.’ फुल्याच फुल्या. बायको दात-ओठ खात होती. ती बिचारी मुलगी मात्र वाकून त्या कोपऱ्याकडे पाहत होती. तिने सरळ मनाने विचारलं, ‘बाकी सगळी इतकी सुरेख, मग इथेच असं का झालं?’

‘का झालं ते मला काय माहीत? दोष दाखवणं माझं काम. का झाला ते शिवणाऱ्याला विचारायचं.’

‘विचारा ना मग,’ ताई दारातून म्हणाल्या.

साडूभाऊंनी वर पाहिलं.

‘तुम्हाला आत नेलं होतं ना, त्या दिवशीचा आहे तो कोपरा. बाहेर बाकावर बसले होते मी. हाताला काही तरी हवं म्हणून शिवत होते. डोळ्यांत पाणी, दिसत नव्हतं काही. डॉक्टर बाहेर येऊन बरं आहे म्हणाले, तिथून ओळ सरळ झाली आहे. बघा.’

खरंच तिथून ओळ सरळ झाली होती. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. साडूभाऊ सगळ्यांत जास्त वेळ पाहत राहिले. मग त्यांनी खडू खिशात ठेवला आणि तळहाताने त्या कोपऱ्यावरच्या फुल्या पुसायला सुरुवात केली. पुसता पुसता, कुणाकडेही न बघता म्हणाले, ‘ही नाही द्यायची. बाई, तुम्ही दुसरी कुठलीही घ्या.’

मुलीचा चेहरा पडला. ताई पुढे आल्या. रागावल्या की त्या माहेरच्या बोलीत शिरतात. ‘आते बस करा. तिले आवडनी ना? मंग लई जाऊ द्या तिले.’ आणि स्वतःच गोधडीची घडी घालून त्यांनी ती मुलीच्या हातात दिली. दिल्यावर एकदा तिच्या पाठीवरून हात फिरवला. गोधडीच्या की मुलीच्या, ते मला नीट दिसलं नाही.

चहा झाला. मुलगी निघाली, चपला घातल्या, आणि जिन्याशी गेली तेव्हा साडूभाऊ मागून म्हणाले, ‘बाई, एक अट आहे.’ माझ्या बायकोने कपाळाला हात लावला.

‘धुताना तो कोपरा पिळू नका.’

‘नाही पिळणार, काका,’ ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली. साडूभाऊ बराच वेळ कठड्याला धरून उभे होते. आत आले तेव्हा दाराआडची पिशवी खुंटीवर नव्हती. ताई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होत्या.

त्यानंतर गोधड्या जातात, हळूहळू पण जातात. मिक्सरच्या जाहिरातीत अजून सगळ्या अटी शाबूत आहेत. गोधड्यांच्या खाली मात्र न्यायक्षेत्र नाही. परवा साडूभाऊ अचानक आमच्याकडे आले, सकाळच्या पारीच. चहा नको म्हणाले. ताईंनी आम्हाला पहिल्यांदा दिलेली गोधडी मागितली, ती आमच्या लग्नातली. पलंगावर पसरून चष्मा लावून कडेकडेने बघत गेले आणि एका ठिकाणी बोट ठेवून थांबले. तिथे टाके जरा दाटले होते. खडू काढतील म्हणून मी पाहत होतो. त्यांनी फोन काढला, ताईंना लावला आणि विचारलं, ‘ती धाकटीच्या लग्नातली पिवळी गोधडी, तिच्या मधल्या पट्टीत टाके दाटलेत. ते कधीचं गं?’

ताई पलीकडून बराच वेळ काही सांगत होत्या. साडूभाऊ नुसतं हं, हं करत उभे होते. फोन ठेवल्यावर मी विचारलं, ‘कधीचं निघालं?’

‘तुम्हाला काय करायचंय,’ ते म्हणाले, आणि गोधडीची घडी घालायला लागले. कडेला कड काही जुळली नाही, एक कोपरा चांगला वीतभर बाहेर राहिला. मी ती तशीच कपाटात ठेवली.